खेकडा, मगर आणि बोरघाट



कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी नाणी, कोणी काड्यापेट्यांवरची चित्रे. आगगाडीच्या इंजिनांच्या प्रतिकृती जमवणारे लोकही जगात पुष्कळ आहेत. त्यांच्या कपाटात एक इंजिन हमखास दिसते. ते हिरवे किंवा तपकिरी असते. मधे खोली आणि दोन्ही बाजूंना पुढे आलेली लांब, बुटकी नाके. रुळावर पसरलेल्या मगरीसारखे ते दिसते, म्हणून त्याचे नावच ‘क्रोकोडाइल’ म्हणजे मगर असे पडले. हे मूळ इंजिन स्वित्झर्लंडचे. जर्मनीच्या मेर्क्लीन कंपनीने त्याची लहान आकाराची प्रतिकृती १९४७ साली बाजारात आणली आणि तेव्हापासून संग्राहक तिच्यावर लुब्ध आहेत.

आता तुम्ही ठाण्याचे, डोंबिवलीचे किंवा कल्याणचे असाल, तर एक गंमत सांगतो. या मगरीची सख्खी बहीण शोभेल असे इंजिन कित्येक वर्षे तुमच्याच गावावरून धावत होते. तुमच्या आजोबांनी ते पाहिले असेल. रेल्वेची माणसे त्याला ‘खेकडा’ म्हणत. मगर आल्प्सच्या पहाडातली, खेकडा सह्याद्रीतला. मग दोघांचा चेहरामोहरा इतका सारखा कसा?

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता प्रतिकृतींचा संग्रह कसा करावा, हेही आपल्याला समजेल. नुसती इंजिने ओळीने मांडून ठेवली तर ते खेळण्यांचे दुकान होईल. प्रत्येक इंजिनाला ‘तू असा का?’ असे विचारले, तरच तो संग्रह.

लहान इंजिनाचे गणित

प्रथम प्रतिकृती म्हणजे काय ते पाहू. सर्वांत जास्त प्रचारात असलेले प्रमाण १:८७ हे आहे. त्याला ‘एच ओ’ असे म्हणतात. खऱ्या वस्तूचे ८७ मिलिमीटर म्हणजे प्रतिकृतीचा १ मिलिमीटर. आपला खेकडा सुमारे २० मीटर लांब होता. २० मीटरला ८७ ने भागा. उत्तर येते सुमारे २३ सेंटिमीटर. म्हणजे तुमच्या कंपासपेटीपेक्षा थोडे लांब. रुंदी सुमारे ३ मीटर. तिचे होतात साडेतीन सेंटिमीटर.

आता वजन काढू. खेकड्याचे वजन १२३ टन होते. त्याला ८७ ने भागून चालेल का? नाही. लांबी ८७ पट कमी झाली, रुंदी ८७ पट कमी झाली आणि उंचीही ८७ पट कमी झाली. म्हणून घनफळ, आणि म्हणूनच वजन, ८७ × ८७ × ८७ म्हणजे ६,५८,५०३ पट कमी होते. १,२३,००० किलोग्रॅमला या संख्येने भागले की उरतात सुमारे १८७ ग्रॅम! एवढे हलके इंजिन डबे ओढताना रुळावर घसरेल. म्हणून प्रतिकृती करणारे कारखाने तिच्या पोटात मुद्दाम जास्तीचा धातू भरतात.

वेगाचे काय? खेकडा ताशी ८० किलोमीटरपर्यंत धावे. म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. त्याला ८७ ने भागले की सेकंदाला २५ सेंटिमीटर. खेळण्यातली गाडी टेबलावरून सुसाट सोडली की ती खोटी का वाटते, हे आता कळले ना? खरी वाटायची तर तिने एक मीटर जायला चार सेकंद घेतले पाहिजेत.

रुळांची गोष्ट आणखी मजेची आहे. एच ओ रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते. युरोपातील रुळांमधले अंतर १,४३५ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागा, बरोबर १६.५ येते. पण आपला रुंदमापी मार्ग १,६७६ मिलिमीटरचा आहे. त्याचे यायला हवेत १९.३ मिलिमीटर. म्हणून भारतीय इंजिनाची प्रतिकृती बाजारातल्या रुळांवर चालवायची तर तिची चाके जवळ आणावी लागतात. खऱ्या मापात हा फरक २४ सेंटिमीटरचा होतो. जाणकार संग्राहक पाहताक्षणी ही तडजोड ओळखतो.

एक गोष्ट मात्र प्रमाणाने लहान होत नाही. ती म्हणजे चढ. ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर चढणारा रस्ता प्रतिकृतीत केला, तरी ३७ सेंटिमीटरांना १ सेंटिमीटर चढावेच लागते. हा ३७ चा आकडा लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

कल्याणला फुटलेल्या दोन वाटा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत ३४ किलोमीटरचा प्रवास करून भारतातली पहिली प्रवासी आगगाडी आली, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, ती कल्याणला पोचली. तिथपर्यंत काम त्यामानाने सोपे होते. खरी परीक्षा पुढे होती. कल्याणहून एक वाट आग्नेयेला कर्जत, खंडाळा, लोणावळ्यावरून पुण्याकडे जायची होती आणि दुसरी ईशान्येला कसारा, इगतपुरीवरून नाशिककडे. दोन्ही वाटांवर सह्याद्री आडवा उभा होता.

बोरघाटातला मार्ग १८६३ मध्ये आणि थळघाटातला १८६५ मध्ये वाहतुकीला खुला झाला. बोरघाटात सुमारे २५ किलोमीटरांत गाडीला ५५८ मीटर चढायचे होते. अभियंत्यांनी वळणे घेतली, बोगदे खणले, दऱ्यांवर पूल बांधले, तरीही काही ठिकाणी ३७ मीटरांना १ मीटर एवढा चढ राहिलाच. थळघाटातही सर्वांत तीव्र चढ हाच आहे.

तुम्हांला हा चढ फार वाटणार नाही. सायकलवरून तुम्ही याहून मोठा चढ सहज चढाल. पण सायकलचे रबरी टायर रस्त्याला घट्ट धरतात. आगगाडीचे गुळगुळीत पोलादी चाक गुळगुळीत पोलादी रुळावर टेकलेले असते. सपाटीवर हाच तिचा मोठा गुण. घर्षण कमी, म्हणून थोड्या शक्तीत मोठे ओझे ओढता येते. घाटात हाच गुण दोष ठरतो.

हिशेब करून पाहू. ५०० टनांची गाडी आणि १२३ टनांचे इंजिन मिळून ६२३ टन. ३७ ला १ या चढावर गुरुत्वाकर्षण या गाडीला मागे ओढते ते ६२३ भागिले ३७, म्हणजे सुमारे १७ टनांच्या जोराने. त्यात चाकांचा, वाऱ्याचा आणि वळणांचा विरोध मिळवा. आता इंजिन किती जोराने ओढू शकेल? रूळ कोरडे असतील तर चाकांवर पडणाऱ्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्शाइतक्या जोराने. त्याहून जास्त जोर लावला की चाके जागच्या जागी गरगर फिरतात. आणि घाटात जूनपासून सप्टेंबरपर्यंत रूळ कोरडे असतात कुठे?

वाफेच्या इंजिनांच्या काळात घाट चढणे हे म्हणूनच मोठे दिव्य होते. बोगद्यात धूर कोंडे, चालक आणि आगवाले घामाघूम होत. बोरघाटात तर एका ठिकाणी गाडीची दिशा उलटवावी लागे. गाडी तिथल्या स्थानकात शिरे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि मग ती पुढचा चढ चढे. १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर हे उलटणे संपले.

ठाकुर्लीची वीज

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गाने विजेवरची पहिली गाडी धावली. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. डोक्यावरच्या तारेत १,५०० व्होल्टचा दिष्ट प्रवाह, म्हणजे डी.सी., खेळवलेला होता. ही वीज पुढे सरकत १९२९ मध्ये पुण्याला आणि १९३० मध्ये इगतपुरीला पोचली.

एवढ्या गाड्यांना वीज पुरवण्यासाठी जी.आय.पी. रेल्वेने डोंबिवली आणि कल्याण यांच्या मध्ये, ठाकुर्लीजवळ चोळे येथे, १९२९ मध्ये स्वतःचे कोळशावरचे वीजकेंद्र उभारले. उल्हास नदीचे पाणी आणि रेल्वेने येणारा कोळसा, दोन्ही तिथे हाताशी होते. १९८० च्या दशकात ते बंद झाले. ठाकुर्लीच्या ‘पॉवर हाउस’चे नाव तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडी अजूनही येत असेल. कोळसा जळत होताच. पण तो इंजिनात न जळता एका जागी जळू लागला आणि बोगद्यांतला धूर गेला.

वीज आली, पण घाट चढेल असे विजेचे इंजिन कुठून आणायचे? हा प्रश्न दुसऱ्या एका देशाने नुकताच सोडवला होता.

एकच चढ, एकच आकार

स्वित्झर्लंडमध्ये आल्प्स ओलांडणारा गॉटहार्डचा रेल्वेमार्ग १८८२ मध्ये खुला झाला. आपल्या बोरघाटानंतर १९ वर्षांनी! त्याचा मोठ्यात मोठा चढ हजार मीटरांना सुमारे २६-२७ मीटर आहे. आता १,००० ला ३७ ने भागून पाहा. उत्तर येते २७. म्हणजे गॉटहार्डचा आणि बोरघाटाचा चढ जवळजवळ सारखाच. या मार्गावर मालगाड्या ओढण्यासाठी १९१९ पासून स्विस लोकांनी जी विजेची इंजिने बांधली, तीच आपली ‘मगर’.

तिथल्या तारेतली वीज वेगळ्या जातीची होती. पण चढ, वळणे आणि ओझे यांचे कोडे तेच होते. म्हणून १९२८ साली घाटासाठी मालगाडीची इंजिने हवी झाली, तेव्हा त्यांचा सांगाडा स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावच्या कारखान्याने आखला. पहिली काही इंजिने तिथेच तयार झाली, बाकीची इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीत. मोटरी आणि विजेचे साहित्य मेट्रोपॉलिटन व्हिकर्स या ब्रिटिश कंपनीचे. अशी एकूण ४१ इंजिने आली. त्यांचे नाव आधी ‘ई.एफ./१’ असे होते, पुढे ‘डब्ल्यू.सी.जी.-१’ असे झाले.

आता या खेकड्याची प्रतिकृती समोर आहे असे समजून तिला प्रश्न विचारू.

तुझे अंग तीन तुकड्यांचे का? कारण घाटात वळणे आहेत. वीस मीटर लांबीचे ताठ इंजिन वळणावर अडकले असते किंवा त्याने रूळ फाकवले असते. म्हणून दोन्ही टोकांचे चाकांचे गाडे वेगवेगळे वळू शकतील असे केले. लांब नाके त्या गाड्यांवर बसवली आणि मधली खोली दोघांवर टेकवली. वळणावर नाक आधी वळते, खोली मागून येते.

तुझी नाके एवढी लांब का? कारण त्यांत मोटरी आहेत. त्या काळी ६५० अश्वशक्तीची मोटर एवढी धिप्पाड असे की ती दोन चाकांच्या मध्ये मावत नसे. म्हणून प्रत्येक गाड्यावर दोन, अशा चार मोटरी वर ठेवल्या. चार मोटरींची मिळून शक्ती २,६०० अश्वशक्ती.

तुझ्या चाकांना वाफेच्या इंजिनासारखे दांडे का? मोटर वर आणि चाके खाली, मग मोटरीचे फिरणे चाकांपर्यंत कसे न्यायचे? दंतचक्रांनी ते एका आडव्या दंडाला दिले आणि त्या दंडापासून लोखंडी दांड्यांनी तिन्ही चाकांना. याचा दुसरा फायदाही झाला. तिन्ही चाके दांड्याने एकमेकांना बांधलेली असल्यामुळे एकटे चाक घसरू शकत नाही; घसरली तर तिन्ही मिळून घसरतील.

तुला पुढे-मागे लहान चाके का नाहीत? कारण त्यांच्यावर पडलेले वजन ओढण्याच्या कामी येत नाही. खेकड्याच्या सहाही जोड्या चालक होत्या. १२३ टनांतला प्रत्येक टन रूळ धरायला उपयोगी पडत होता. त्याचा चौथा हिस्सा सुमारे ३१ टन होतो. मघाशी आपण चढावरची ओढ १७ टन काढली होती, तिच्याशी हा आकडा ताडून पाहा. पाऊस पडून रूळ ओले झाले आणि पकड निम्म्यावर आली, तर काय होईल तेही पाहा. जड गाड्यांना कर्जतला आणि कसाऱ्याला मागून ढकलणारी जादा इंजिने, म्हणजे ‘बँकर’, का लावतात, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आणि खेकडा हे नाव? हे इंजिन उभे असताना कण्हल्यासारखा विचित्र आवाज करी आणि चालताना त्याचे दांडे सळसळत. त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. पण बाजूने पायांसारखे हलणारे दांडे पाहिले की ते नाव आपसूकच पटते.

उतरताना होणारी कमाई

घाट चढण्याइतकेच उतरणेही अवघड. उतारावर गाडी आपोआप धावू लागते आणि ब्रेक सतत लावून ठेवले तर चाके तापतात. खेकड्याकडे यावर नामी उपाय होता. तारेतून वीज घेऊन चाके फिरवणारी मोटर, चाकांनीच तिला फिरवले तर उलट वीज तयार करते. उतारावर मोटरीला असे विद्युतजनित्र बनवले, की ती चाकांना रोखते आणि तयार झालेली वीज तारेत परत जाते. घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीला ती उपयोगी पडते. म्हणजे उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला हात देते!

ही वीज किती असेल? ५०० टनांची गाडी ५५८ मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ७६० युनिट ऊर्जा मोकळी होते. एखाद्या घरात रोज ५ युनिट वीज लागत असेल, तर ती पाच महिने पुरेल. सगळीच परत मिळत नाही. काही घर्षणात आणि तारांत खर्ची पडते. पण जी मिळते ती फुकट आणि शिवाय ब्रेकही झिजत नाहीत.

हे तुम्हांला घरी करून पाहता येईल. जुन्या खेळण्यांतल्या दोन लहान मोटरी घ्या. एकीच्या दोन तारा दुसरीच्या दोन तारांना जोडा. बॅटरी लावू नका. आता पहिल्या मोटरीच्या दांडीला दोरा गुंडाळून झटक्यात ओढा. दुसरी मोटर क्षणभर फिरेल. नंतर एकाच मोटरीच्या दोन तारा एकमेकींना जोडा आणि दांडी बोटांनी फिरवा. तारा सुट्या असताना ती जितकी हलकी फिरत होती, तितकी आता फिरणार नाही. तोच खेकड्याचा घाटातला ब्रेक.

नावे वाचायला शिका

संग्राहकाला इंजिनाचे नाव वाचता आले पाहिजे. भारतीय रेल्वेची पद्धत सोपी आहे. पहिले अक्षर ‘डब्ल्यू’ म्हणजे रुंदमापी. पुढे ‘सी’ असेल तर तारेत दिष्ट प्रवाह, ‘ए’ असेल तर प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे ए.सी. त्यानंतर ‘जी’ म्हणजे मालगाडीचे, ‘पी’ म्हणजे प्रवासी गाडीचे आणि ‘एम’ म्हणजे दोन्ही कामांचे. शेवटचा आकडा त्या जातीतला क्रमांक. आता डब्ल्यू.सी.पी.-१ म्हणजे काय ते तुम्हीच सांगा.

बरोबर! दिष्ट प्रवाहावरचे रुंदमापी प्रवासी इंजिन. १ जून १९३० रोजी मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली, तेव्हा तिला ओढण्याचा मान या जातीच्या इंजिनांना मिळाला. खेकड्यापेक्षा ती अगदी वेगळी दिसत. मोठ्या चालक चाकांच्या तीनच जोड्या आणि पुढे-मागे वाट दाखवणारी लहान चाके. कारण तिचे काम वेगळे. ओझे कमी, वेग जास्त.

पुढे मोटरी लहान पण बलवान झाल्या. चाकाच्या आसाशेजारीच त्या बसू लागल्या. मग दांडे गेले, लांब नाकेही गेली. १९५० च्या दशकाच्या मध्यास इंग्लंडहून आलेल्या डब्ल्यू.सी.एम.-१ इंजिनांत प्रत्येक आसाला स्वतंत्र मोटर होती. १९६१ मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यातून भारतात बांधलेले पहिले मोठे विद्युत इंजिन बाहेर पडले. ते डब्ल्यू.सी.एम.-५ जातीचे होते आणि त्याचे नाव होते ‘लोकमान्य’. त्या वर्षीच्या १४ ऑक्टोबरला पंडित नेहरूंनी त्याला निरोप दिला. प्रतिकृतींच्या कपाटात ही नंतरची इंजिने साध्या पेटीसारखी दिसतात. त्यांना कंटाळवाणी म्हणू नका. दांडे का नाहीसे झाले हे कळले, की ती साधी पेटीही बोलू लागते.

शेवटची डी.सी. गाडी

१,५०० व्होल्टची पद्धत आज आपल्या मार्गांवर राहिलेली नाही. असे का झाले? खेकड्याचे २,६०० अश्वशक्तीचे काम म्हणजे सुमारे १,९४० किलोवॉट. १,५०० व्होल्टवर त्याला सुमारे १,३०० अँपिअर प्रवाह लागे. तेच काम २५,००० व्होल्टवर केले तर सुमारे ७८ अँपिअर पुरतात. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून तीच तार धरली तर हा तोटा पावणेतीनशे पटींनी कमी होतो. तारा बारीक चालतात आणि वीज पुरवणारी उपकेंद्रे दूर दूर ठेवता येतात.

देशात इतरत्र २५,००० व्होल्टचा ए.सी. प्रवाह पसरला, तेव्हा इगतपुरीसारख्या स्थानकांत गाड्यांची इंजिने बदलावी लागत. पुढे दोन्ही विजांवर चालणारी इंजिने निघाली. त्यांच्या नावात ‘सी’ आणि ‘ए’ ही दोन्ही अक्षरे असतात, जसे डब्ल्यू.सी.ए.एम.-३. अखेर मुंबईकडच्या तारांतली वीजच टप्प्याटप्प्याने बदलली आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरची शेवटची डी.सी. लोकल धावली. १९२५ मध्ये ज्या मार्गावर ही पद्धत सुरू झाली, तिथेच ती संपली.

खेकडे त्याआधीच, १९९० च्या दशकात, निवृत्त झाले होते. बहुतेक भंगारात गेले. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच उरले. त्यांतले ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचे एक मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात जतन केलेले आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातही या काळातील विद्युत इंजिने ठेवली आहेत.

तुमचा संग्रह

परदेशी प्रतिकृती महाग असतात, हे खरे. पण तुमचा संग्रह पुठ्ठ्यापासूनही सुरू होऊ शकतो. खेकड्याचे बाजूने काढलेले एक छायाचित्र मिळवा. चित्रातली एकूण लांबी पट्टीने मोजा आणि ती २३ सेंटिमीटर धरून नाके, खोली, चाके यांची मापे त्रैराशिकाने काढा. खरे चाक सुमारे १.२ मीटर व्यासाचे होते. त्याचे होतात १४ मिलिमीटर. एवढ्या मापाची बटणे शिंप्याकडे मिळतील. दांड्यांसाठी बारीक तार घ्या. दोन नाके आणि खोली हे तीन भाग टाचण्यांनी असे जोडा, की ते वळू शकतील. मग कागदावर एक वळण काढून त्यावर हे इंजिन फिरवा. शेजारी त्याच लांबीचा एकसंध पुठ्ठा फिरवून पाहा आणि दोघांची टोके वळणाबाहेर किती जातात ते मोजा.

रूळ मांडायचे मनात असेल तर आधी हिशेब करा. सबंध बोरघाट १:८७ प्रमाणात बांधायचा तर २९० मीटर लांबी आणि ६.४ मीटर, म्हणजे दोन मजली घराएवढी, उंची लागेल. म्हणून कोणताही प्रतिकृतीकार सबंध घाट बांधत नाही. एखादा पूल, एखादा बोगदा निवडतो. हे कसे करतात ते पाहायचे असेल तर सहलीला पुण्यात कोथरूडला जा. तिथे भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. सिग्नल, पूल, घाट आणि धावत्या गाड्या यांचे एक गावच तिथे मांडलेले आहे.

प्रत्येक प्रतिकृतीसाठी, मग ती पुठ्ठ्याची असो की धातूची, एक कार्ड करा. त्यावर लिहा: इंजिनाचे नाव आणि जात, मूळ इंजिन कोणत्या साली, कुठे बांधले, तारेत कोणती वीज, चालक चाकांच्या जोड्या किती, कोणत्या मार्गासाठी केले, आणि सर्वांत महत्त्वाचे, त्याच्या आकारातली एक खास गोष्ट आणि तिचे कारण. कारणाची ओळ रिकामी असेल तर ते इंजिन अजून तुमच्या संग्रहात आलेले नाही असे समजा.

एक सूचना कटाक्षाने पाळा. इंजिने पाहायची ती फलाटावरून किंवा पुलावरून. रुळांवर उतरू नका. उभ्या मालगाडीच्या डब्यावर तर कधीच चढू नका. २५,००० व्होल्टच्या तारेला हात लागायची गरज नसते. तिच्या नुसते जवळ गेले तरी वीज हवेतून झेप घेते.

शेवटचे काम विशेषतः ठाणे, डोंबिवली, ठाकुर्ली आणि कल्याण येथील मुलामुलींसाठी. कल्याणला विद्युत इंजिनांची मोठी शेड आहे. खेकडे तिथेच दुरुस्त होत. त्यांची चाके बसवणारे फिटर, त्यांना घाटातून नेणारे चालक, पॉवर हाउसात पाळ्या करणारे कामगार यांच्यापैकी काही जण आज आजोबा होऊन तुमच्या शेजारी राहत असतील. पुस्तकांत इंजिनांची मापे मिळतात. पण पावसात घाट चढताना चाके घसरू लागली की चालक काय करी, उभ्या खेकड्याचा तो आवाज कसा होता, त्याच्या नाकातली मोटर काढायला किती माणसे लागत, हे पुस्तकात सापडणे कठीण. खेकडे भंगारात निघून आज तीस वर्षे होत आली. हे सांगू शकणारी माणसेही दरवर्षी कमी होत आहेत.

तेव्हा पुठ्ठ्याचा खेकडा तयार झाला की तो घेऊन अशा एखाद्या आजोबांकडे जा. वही आणि पेन्सिल बरोबर न्या. तो त्यांच्या हातात द्या आणि विचारा, “आजोबा, हे बरोबर जमलंय का?” ते चुका काढतील, त्या दुरुस्त करा. आणि जे जे सांगतील ते सारे त्या इंजिनाच्या कार्डावर तारखेनिशी लिहून ठेवा.